भिंतीकडे तोंड

उलकानला ‘मुकी’ हे नाव मी दिलं. आमच्या ताश-बुलाक गावात कुणालाही विचारा, बुरुल आपाने दिलं असंच सांगतील, आणि ते खरं आहे. माझी सवयच तशी, उचलली जीभ लावली टाळ्याला.

अकरा वर्षांपूर्वी उलकानची आई गेली तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे माणूस गेलं की घर कितीही पक्कं असलं तरी अंगणात नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, गोल तंबू उभा राहतो. देह तंबूत, पडद्यामागे. घरच्या बायका आत बसतात, कमरेवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून. दुरून घोड्यावरची माणसं रडत येताना ऐकू आली की त्यांनी कोशोक सुरू करायचा. कोशोक म्हणजे गेलेल्याला हाका मारत त्याचं आयुष्य गाऊन सांगायचं. तो कुठे लिहिलेला नसतो. जिचं माणूस गेलं तिनेच तिथल्या तिथे जुळवायचा. आणि आम्ही बाकीच्या बायका बाहेर चहाच्या समोवारापाशी बसून ऐकतो. कुणाचे शब्द स्वतःचे, कुणाचे उसने, कुणाचा गळा ओला, कुणाचा कोरडा, सगळं बाहेर कळतं, आणि चहाबरोबर तेच तोंडी लावणं असतं. या बाबतीत गावात माझा शब्द शेवटचा. मी नुसती भुवई उडवली तरी ती बाई वर्षभर माझ्यासमोर यायची नाही.

उलकान तेव्हा राजधानीत, बिश्केकला, शिवणाच्या कारखान्यात होती. निरोप मिळताच आली, तंबूत बसली. दोन मावश्यांचं म्हणून झालं आणि तिची पाळी आली. बाहेर घोडेस्वार उतरले, काठ्यांवर टेकून मोठ्याने रडू लागले, आणि आतून काहीच येईना. एक शब्द नाही. लेकीचा आवाज ऐकायला सगळं अंगण कान देऊन उभं. मी हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “पोरीनं आईला मुकीच पाठवली.” दोघी-तिघी हसल्या. नमदा वारा अडवतो, शब्द अडवत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून ती मुकी उलकान. पोरं-टोरंसुद्धा तसंच म्हणायला लागली.

सहा वर्षांपूर्वी ती कायमची परत आली. नवऱ्याशी पटलं नव्हतं, भाऊ रशियात अडकलेला, आणि इकडे तिचे वडील सादिरकुल यांचं हृदय थकलेलं. सादिरकुल म्हणजे आमच्या भागातला एके काळचा नावाजलेला मेंढपाळ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. उलकान त्यांची औषधं सांभाळायची, मेंढ्या सांभाळायची आणि गप्प राहायची. लग्नात शेवटच्या बाकावर बसायची. पण गावात कुठेही मयत असलं की ही हजर, आणि नेमकी माझ्या मागे उभी. मला वाटायचं, हिला यात एवढा कसला रस?

मग एका वसंतात ती माझ्या दारात आली. हातात लोण्याचा वाडगा. बसली, चहा प्याली, दुसरा प्याली, आणि मान खाली घालून म्हणाली, “आपा, मला कोशोक शिकवा.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत माणसाच्या घरात कोशोक म्हणणं म्हणजे मरणाला बोलावून आणणं. मी तीनदा थुंकले, दार लावून घेतलं, आणि बाप चुलीपाशी बसून चहा पितोय आणि तू त्याचं रडणं शिकायला निघालीस, लाज आहे का, असं बरंच काही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश सांगितलं, की ते गेल्यावर तंबूत बसायला ती एकटीच आहे. मरणाला ती भीत नव्हती. बाहेर बसणाऱ्यांना भीत होती. आईच्या वेळी शब्द नव्हते असं नाही. शब्द गळ्यापर्यंत आले होते, पण बाहेरचे कान दिसत होते, भिंतीकडे तोंड असूनही दिसत होते, आणि शब्द तिथेच थिजले. वडिलांनाही तसंच पाठवलं तर पुढे जगायचं कसं, असं ती म्हणाली. रडली मात्र नाही.

मी विरघळले असं समजू नका. ती जावी म्हणून म्हटलं, “कोशोक कुणी शिकवत नसतं. आणि गरुड, डोंगर, सोन्याचा खांब, असलं उसनं काही आणू नकोस, ते सगळ्याच आणतात. मेल्या म्हशीला मणभर दूध. माणसानं काय केलं ते सांग. काय खाल्लं, कुठं पडला, घोडा कुठल्या रंगाचा होता. बापाच्या घोड्याचा रंग तरी ठाऊक आहे ना? मग तिथून सुरू कर.”

ती उठली. वाडगा तसाच ठेवून गेली. लोणी चांगलं होतं, मी खाल्लं.

तो उन्हाळा गेला. सप्टेंबरात एके दिवशी दुपारी मी नूडल्सचं पीठ लाटत होते, तेवढ्यात वरच्या रस्त्याने रडण्याचा आवाज आला. पुरुषाचा, घोड्यावरचा, आमच्याकडे मयताची खबर घेऊन येताना रडतात तसा. तोलोन होता. तोलोन म्हणजे आमच्या गावाचं चालतं वर्तमानपत्र. खोगिरावर डावी-उजवीकडे झुलत, “हाय माझे सादिरकुल आबा, कुठे गेलात,” करत तो सरळ गल्लीत शिरला.

तो गवत आणायला दरीत गेला होता. तिथे सादिरकुलचा हिवाळ्यातला जुना मेंढवाडा आहे, दगडी, अर्धं छप्पर उडालेलं. त्या मेंढवाड्यातून त्याला कोशोक ऐकू आला. आवाज उलकानचा, नाव सादिरकुलचं. बाहेर, तो होता त्या बाजूला, सादिरकुलचा म्हातारा काळा घोडा उभा, खोगीर रिकामं; भिंतीपलीकडचं त्याला दिसत नव्हतं. अजून काय हवं? एकट्या पुरुषाने कोरड्या डोळ्यांनी अशा ठिकाणी आत शिरायचं नसतं, माणसं घेऊन यायचं असतं. म्हणून त्याने घोडा वळवला होता. रीतीला धरूनच वागला बिचारा.

आम्ही सादिरकुलच्या घरी धावलो. अंथरूण रिकामं, पेल्यात चहा गार. मग कुणी कुणाला काही विचारलं नाही. कुणी तंबूच्या लाकडी जाळ्या बाहेर काढायला लागलं, माझ्या पुतण्याने त्यांची दुभती घोडी मयताच्या जेवणासाठी कापायला म्हणून पाय बांधून आडवी पाडली. चाळीसेक माणसं घोड्यांवर बसली. मी डोक्याला काळा रुमाल बांधून तोलोनच्या मागे बसले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. खरं सांगायचं तर सादिरकुलसाठी डोळे भरले होते, पण मनात एक दुसराही विचार होता. मुकी कसं म्हणते ते बघू. असं मन घेऊन मी निघाले होते, लपवून काय करू?

दरीत शेवटच्या वळणावर रडायला सुरुवात करायची असते. पुरुषांनी छातीत श्वास भरला. आम्ही वळलो, आणि तो श्वास सगळ्यांच्या छातीतच राहिला.

मेंढवाड्याच्या बाहेर, भिंतीला पाठ टेकून, सादिरकुल बसले होते. जिवंत. टोपी मांडीवर, डोकं मागे दगडांना लावलेलं, पांढऱ्या दाढीवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. आम्हाला पाहून त्यांनी फक्त एक बोट वर केलं. थांबा. आवाज करू नका.

तोलोनचं तोंड उघडं ते उघडंच. आम्ही एकेक करून उतरलो. कुणी सांगितलं नाही, पण प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या नाकावर हात धरला. चाळीस माणसं, चाळीस घोडे उतारावर उभे, आणि लगामाची कडीसुद्धा वाजली नाही. वारा वरून आमच्याकडे येत होता, खाली ओढा खळखळत होता, त्यामुळे आतल्या बाईला आमचा पत्ता नव्हता. आम्हाला मात्र तिचा शब्दन् शब्द येत होता.

वडिलांना ती ‘आके’ म्हणायची, तशीच हाक मारत म्हणत होती:

बर्फ कमरेशी आलं, आके,
शाळेची खिडकी गोठून गेली.
बाकीचे बाप खिंडीतून फिरले,
पांढऱ्या घोड्यावर तुम्ही आलात.
कोटाच्या आत मला घेतलंत,
माझे पाय तुमच्या पोटाशी.

ती वसतिगृहाच्या शाळेत होती तेव्हाचं हे. सातेक वर्षांची असेल. ही गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती. सादिरकुलने कधी सांगितली नव्हती, सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नसेल. पुढे तिने आजारी मेंढरू त्यांनी आपल्या अंथरुणात घेतलं ते सांगितलं, आई रागावली ते सांगितलं, आई गेल्यावर वर्षभर ते दोन पेले मांडत राहिले ते सांगितलं. आवाज गोड नव्हता. मध्ये फाटत होता. एका ठिकाणी ती अडली, खोकली, आणि मागे जाऊन ती ओळ पुन्हा धरून आणली. मी आयुष्यात शंभरावर कोशोक ऐकले असतील. प्रत्येकाला माझ्याकडे तराजू असायचा. त्या दिवशी तो हाती येईना. मी ऐकत होते एवढंच मला कळत होतं. गालावर काहीतरी गरम आलं म्हणून हात लावला, तर माझेच डोळे वाहत होते. दुसरीच्या कोशोकने मी तीस वर्षांत रडले नव्हते. आणि ज्याच्यासाठी रडत होते तो समोर बसून ऐकत होता. मी सादिरकुलकडे पाहिलं. मेलेल्याला जे कधीच मिळत नाही ते त्या माणसाला मिळत होतं. आम्ही सगळे ते बघत होतो, आणि कुणाची हलायची छाती नव्हती.

कोशोक संपला. थोड्या वेळाने उलकान बाहीला नाक पुसत बाहेर आली.

आधी तिने वडिलांना पाहिलं, मग आम्हाला. ज्या कानांना ती जन्मभर भ्यायली ते झाडून सगळे समोर उभे. हात तोंडावर गेला. मला वाटलं, ही आता पुन्हा कधी तोंड उघडायची नाही.

सादिरकुलच बोलले. बसल्या बसल्याच. म्हणाले की ही रोज सहा मेंढ्या घेऊन असल्या ठिकाणी येते जिथे गवताची काडी नाही, म्हणून महिन्यापूर्वी बघायला आलो, आणि तेव्हापासून येतोय. मग आमच्याकडे वळले.

“मी रोज एकटाच ऐकायचो. आज तुम्हीपण ऐकलंत, बरं झालं. घोडी कापली का?”

पुतण्या म्हणाला, “बांधली आहे, आबा.”

“सोड तिला. दूध देते अजून.”

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसायला लागले, डोळे पुसत पुसत, वेड्यासारखे. उलकान मात्र हसली नाही. तिची नजर माझ्यावर होती. हळूहळू सगळ्यांचीच माझ्यावर आली. नेहमीची सवय, बुरुल आपा काय म्हणते बघू. आणि मला काही म्हणता येईना. एवढी तोंडाळ मी, माझी दातखीळ बसली. ‘मुकी’ कुणाला म्हणायचं होतं ते तेव्हा मला कळलं.

मी पुढे गेले. कोशोक म्हणणारीला आम्ही उराशी धरतो, तशी रीत आहे, तेवढंच सुचलं. तिला मिठीत घेतलं. कानाशी म्हणाले, “तुझ्या आईच्या वेळी ते बोलणारं तोंड माझं होतं, पोरी.”

“माहीत आहे, आपा. तेव्हाच आवाज ओळखला होता.”

“आणि तरी माझ्या दारात आलीस?”

“तुमच्याच दारात यायला हवं होतं,” ती म्हणाली. “रोज इथं भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि भिंतीपलीकडे तुम्ही बसलात असं धरायचे. पहिले कितीतरी दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. मग एक फुटला. मग म्हटलं, ऐकू देत बुरुल आपांना.”

मी त्या भिंतीकडे पाहिलं. दगडी, हातभर रुंद. पलीकडे मी कधीच नव्हते. पलीकडे महिनाभर तिचा बाप बसला होता.

सादिरकुलना दोघांनी धरून उठवलं. घोड्यावर बसता बसता ते लेकीला म्हणाले, “सगळं बरोबर आहे. एक तेवढं चुकलंय. घोडा पांढरा नव्हता.”

उलकान म्हणाली, “पांढराच होता, आके. मला चांगलं आठवतंय.”

“तांबडा होता. बर्फ बसलं होतं त्याच्यावर. तू लहान होतीस.”

एवढं बोलून त्यांनी घोडा हाकला. गावभर महिनाभर तोच विनोद चालला, की स्वतःच्या कोशोकात दुरुस्ती सुचवणारा सादिरकुल हा पहिलाच. ‘मुकी’ मात्र त्यानंतर कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझ्याशी गाठ होती.

तोलोन त्या दिवशी अपशकुन झाला म्हणून घाबरला होता. पण सादिरकुल त्यानंतर दोन हिवाळे छान जगले. घोडीचं दूध प्याले, रशियातल्या नातवाशी फोनवर भांडले. तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, झोपेतच गेले.

भर बर्फात तंबू उभा राहिला. मी उलकानला म्हणाले, मी तुझ्याजवळ आत बसते, माझी जागा आता बाहेर नाही. तिने मान हलवली. “नाही, आपा. तुम्ही बाहेरच बसा. नेहमीच्या जागेवर.” म्हणून मी समोवारापाशी बसले. ती एकटी आत गेली, कमरेवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

वळणावरून घोडेस्वारांचं रडणं ऐकू आलं. आत शांतता. ते जवळ आले, उतरले, काठ्यांवर वाकले. आत अजून शांतता. शेजारची एक बाई दुसऱ्या गावची होती. ती वाकून विचारायला लागली, की ही कशी म्हणते, बरी म्हणते का? मी एक बोट वर केलं.

आणि उलकानने सुरू केलं. शाळेची खिडकी आली, खिंड आली, बाकीचे बाप माघारी फिरले. मग तिचा आवाज थोडा खाली आला.

पांढरा म्हटलं मी घोड्याला, आके,
पांढरं ते अंगावरचं बर्फ होतं.
तांबडा होता घोडा तुमचा,
मी कोटात होते, मला कसा दिसणार.

सगळ्यांत आधी तोलोन फुटला. मग काठ्यांवर टेकलेले ते सगळे पुरुष, रीत म्हणून रडायला आलेले, खरेखुरे रडायला लागले. मी मान वर केली. बर्फ सकाळपासून थांबलं नव्हतं. कुंपणाला ओळीने बांधलेले घोडे, काळे, तांबडे, कुठल्या कुठल्या गावांचे, सगळे पांढरे दिसत होते.